विज्ञान मेळा, गंगापूर रोड: द्राक्षाच्या पानासाठी तरी जा

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त नाशिकला गंगापूर रोडच्या शाळेत मेळा होता. बाग ऐन काढणीत, तरी लेकीच्या हट्टापायी दिंडोरीहून आलो. प्रवेश मोफत.

अकरावीतल्या एका मुलीने भुरी हा बुरशीचा रोग आलेलं द्राक्षाचं पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं होतं. वीस वर्षं बाग करतोय, भुरी म्हणजे पानावरची राख एवढंच डोळ्यांनी पाहिलेलं. भिंगातून पाहिलं तर काचेसारखे बारीक मणी एकावर एक रचून उभे! तेच बीजाणू, वाऱ्यावर उडून शेजारच्या वेलीवर बसतात. मी विचारलं, "ताई, पाऊस नसतानाही ही येते कशी?" ती म्हणाली, "काका, डाऊनी या दुसऱ्या रोगाला पान ओलं लागतं, भुरीला लागत नाही. ही पानाच्या वरच राहते आणि आत मुळांसारखी बारीक शोषकं घालून अन्न ओढते." आपण गंधक वरून मारतो ते का लागू पडतं, हे तेव्हा नीट डोक्यात बसलं. पोरीचं फार कौतुक वाटलं.

बाकी, तयार आणलेले थर्माकोलचे ज्वालामुखी चार-पाच होते. ते नसते तरी चाललं असतं. सूक्ष्मदर्शक मात्र एकच. रांगेत पाऊण तास गेला, मागची लहान मुलं कंटाळून निघून गेली, याचं वाईट वाटलं. प्यायच्या पाण्याचीही सोय नव्हती.

संध्याकाळी मैदानात दुर्बीण लावली होती. चंद्रावरचे खड्डे पाहून लेक खाली उतरायलाच तयार नव्हती. पुढच्या वर्षी आमच्या बागेतली पानं मीच घेऊन येतो, असं त्या मुलीला सांगून आलोय.