९८५ पौंडांचा 'आपला माणूस'

गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मुलाचा फोन. "आई, पोलिसांनी थांबवलंय. म्हणतायत गाडीला इन्शुरन्सच नाहीये."

मी ठसक्यात म्हटलं, "असं कसं? सर्टिफिकेट आहे माझ्याकडे, थांब, पाठवते." पाठवलंही. पोलिसाने ते पाहिलं, त्याच्या मशिनमध्ये पुन्हा नंबर घातला आणि मान हलवली. अर्ध्या तासात आमची दहा वर्षं जुनी यारिस ट्रकवर चढून गेली आणि माझा अठरा वर्षांचा मुलगा ए४ रस्त्याच्या कडेला डबा आणि हेल्मेट घेऊन उभा राहिला.

आम्ही लंडनच्या पश्चिमेला राहतो, इंग्लंडात येऊन सोळा वर्षं झाली. घोस्ट ब्रोकर, म्हणजे खोटी किंवा खोट्या माहितीवर काढलेली पॉलिसी विकणारा बनावट विमा दलाल, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. मलाही माहीत होतं. व्हॉट्सॲपवर अशा बातम्या मीच पुढे ढकलायचे, वर "लोक इतके बावळट कसे असतात" असंही लिहायचे. ते मेसेज आता कुणी शोधून काढू नयेत एवढीच इच्छा आहे.

आधी आकडे सांगते, कारण आकडे ऐकल्याशिवाय मला दोष देऊ नका. नवरा आणि मी, दोघांची मिळून गेल्या वर्षीची पॉलिसी ५८७ पौंडांची होती. मुलाने एप्रिलमध्ये ड्रायव्हिंग टेस्ट पास केली आणि १९ ऑगस्टच्या रिन्यूअलला त्याचं नाव जोडून विचारलं, तर २,३६४. गाडी तीच, पार्किंग तेच, सोळा वर्षांत एक क्लेम नाही. ब्लॅक बॉक्स, म्हणजे गाडी कशी आणि कधी चालवतो ते कंपनीला कळवणारा डबा, लावून घेतला तर १,८१२, आणि तो डबा रात्री अकरानंतर गाडी काढली की गुण कापणार. मुलाला अप्रेंटिसशिप लागली होती, शिफ्ट सकाळी सहाची. त्या वेळेला आमच्याकडून तिथे बस जात नाही. म्हणजे गाडी चैनीसाठी नव्हती, कामासाठी होती.

कोणी म्हणेल, सगळेच भरतात. हो, भरतात. पण अपघात न करता, दंड न होता, फक्त वय अठरा आहे म्हणून १,७७७ पौंड जास्त मागितले की माणूस चिडतो, आणि चिडलेला माणूस स्वस्तातली वाट शोधतो. असल्या लोकांना नेमकं तेच हवं असतं. ते ऑगस्टमध्येच उगवतात, मुलांचे ए-लेव्हलचे, म्हणजे इथल्या बारावीचे, निकाल लागले की.

हा उगवला ढोलाच्या सरावाला. म्हणजे तो स्वतः नाही, त्याचा नंबर. गणपतीच्या सरावाच्या वेळी एकीने सांगितलं, "आपल्याच माणसाने करून दिलं गं, भाचीचं अकराशेने कमी." आपलाच माणूस! फोन केला तर अस्सल पुणेरी मराठी. "ताई, तुम्ही कशाला टेन्शन घेता, मी आहे ना." दहा मिनिटांत ९८५ चा आकडा आला. ९१० प्रीमियम, ७५ त्याची फी. नावाजलेल्या कंपनीची पॉलिसी, नवरा मुख्य, मी आणि मुलगा जोडीला.

मी अगदीच डोळे मिटून पैसे दिले नाहीत. त्याने दिलेला एफसीएचा, म्हणजे इथल्या बँका आणि विमावाल्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, नोंदणी क्रमांक मी तिच्या रजिस्टरवर टाकून पाहिला. ब्रोकर कंपनी खरी निघाली. फक्त रजिस्टरवर त्या कंपनीचा जो फोन नंबर होता तो याचा नव्हता, आणि तो लावून पाहायचं माझ्या डोक्यात आलं नाही. क्रमांक कोणीही उचलून स्वतःच्या नावापुढे चिकटवतो. फोन नेहमी रजिस्टरवरच्या नंबरावर करा, समोरच्याने दिलेल्या नंबरावर नाही.

पैसे शनिवारी, १६ ऑगस्टला पाठवले. खातं एका बाईच्या नावाचं होतं. "आमच्या अकाउंट्सच्या मॅडम," म्हणाला. बँकेच्या ॲपने नाव जुळतंय म्हणून हिरवी खूण दाखवली आणि मी निश्चिंत झाले. त्या खुणेचा अर्थ एवढाच की खातं त्या बाईचंच आहे. ती बाई कोण, हे ॲपला काय माहीत? पॉलिसीचे पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यात मागितले की तिथेच फोन ठेवा. आणि शक्यतो कार्डाने भरा, ट्रान्सफरने नको.

आता तो क्षण. रोज रात्री मला तोच आठवतो.

रविवारी सकाळी पोहे फोडणीला टाकले होते आणि फोनवर पीडीएफ आले. सर्टिफिकेटवर तिघांची नावं बरोबर. पण सोबत स्टेटमेंट ऑफ फॅक्ट होतं, म्हणजे आपण कंपनीला काय काय सांगितलं त्याची यादी. त्यात मुलाचं जन्मवर्ष २००७ च्या जागी १९७७. लायसन्स २४ वर्षं जुनं. पत्ता आमचाच, पण पत्रव्यवहाराचा ईमेल भलताच, आमच्या आडनावापुढे चार आकडे. मी गॅस बारीक केला आणि त्याला मेसेज टाकला, "हे चुकलंय का?"

उत्तर लगेच. "टायपो आहे ताई, सिस्टीमला बरोबर आहे. ईमेल आमचा ठेवलाय, तुम्हाला उगाच स्पॅम नको." पुढे हात जोडल्याची इमोजी.

खरं सांगायचं तर टायपोवर माझा विश्वास बसला नव्हता. सात आणि शून्य यांत गोंधळ होईल, पण लायसन्सही चोवीस वर्षांचं कसं होईल? मला कळलं होतं की हा काहीतरी बनवाबनवी करतोय. पण मला वाटलं, तो कंपनीला बनवतोय. मला नाही. वर्षानुवर्षं हप्ते खाणाऱ्या कंपनीला कोणी थोडं बनवलं तर बनवू दे, आपल्याला काय, सर्टिफिकेट तर हातात आहे. हे मी मनात सुद्धा स्पष्ट म्हटलं नाही. गॅस परत मोठा केला. नवऱ्याला ते पान दाखवलं नाही, मुलालाही नाही.

खोट्या माहितीवर घेतलेली पॉलिसी अपघात झाल्यावर कंपनी रद्दबातल ठरवू शकते हे मला तेव्हाही माहीत होतं. मुलगाच रोज गाडी चालवणार असताना बापाला मुख्य चालक दाखवणं हाही इथे विमा फसवणुकीचाच प्रकार, त्याला फ्रंटिंग म्हणतात, आणि आम्ही नेमकं तेच केलं होतं. सगळं माहीत होतं.

सोमवारी गाडीचा नंबर टाकून मोटर इन्शुरन्स डेटाबेसवर तपासलं. गाडी विमा असलेली म्हणून दिसली! तिथे आपल्या गाडीची तपासणी फुकट होते, पण तिच्यात गाडीला विमा आहे एवढंच कळतं. कोण चालवू शकतं, कोणत्या वयाचा दाखवलाय, काही नाही. मला तेवढं पुरलं. गणेश चतुर्थीला, २७ ऑगस्टला, मोदक वाटता वाटता मी त्याचा नंबर आणखी दोघींना दिला. हो, मी. दिला.

२९ ऑगस्टला त्याने पॉलिसी रद्द केली. इथे घेतल्यापासून चौदा दिवसांत पॉलिसी परत करता येते आणि वापरलेल्या दिवसांचे पैसे कापून बाकीचे परत मिळतात. पॉलिसी त्याच्या कार्डावर घेतलेली, म्हणून पैसे त्याच्या कार्डावर गेले. रद्द झाल्याची ईमेल त्याच्याच त्या चार आकड्यांच्या पत्त्यावर गेली. त्यानंतर वीस दिवस आम्ही तिघंही बिनविम्याची गाडी हाकत होतो. या वीस दिवसांत कुणाला धडक बसली असती तर, हा विचार मी करत नाही. एकदाच तपासून थांबू नका. पंधराव्या दिवशी पुन्हा तपासा.

आता मदत करणाऱ्यांविषयी.

विमा कंपनीला फोन केला. पॉलिसी नंबर दिला, पत्ता दिला. सुरक्षेचे प्रश्न सुरू. नोंदवलेला ईमेल? मला माहीत नाही. फोन नंबर? माझा सांगितला, चूक. जोडलेल्या चालकाची जन्मतारीख? मी पोटच्या पोराची खरी जन्मतारीख सांगितली. चूक! तिकडची मुलगी अतिशय नम्रपणे म्हणाली की डेटा प्रोटेक्शनमुळे मी तुमच्याशी या पॉलिसीबद्दल बोलू शकत नाही. माझ्या नवऱ्याच्या नावाची, माझ्या घरच्या पत्त्याची पॉलिसी, आणि परीक्षेत आम्ही नापास. त्या चोराला विचारलं असतं तर तो पैकीच्या पैकी पास झाला असता. तीन फोन, एकूण दोन तास बावीस मिनिटं. शेवटी लेखी तक्रारीवर तेवीस दिवसांनी दोन ओळी आल्या की पॉलिसी २९ ऑगस्टला "ग्राहकाच्या विनंतीवरून" रद्द झाली.

पोलीस चौकीत गेले तर काउंटरवर सांगितलं, फसवणूक आम्ही घेत नाही, फोनलाइनवर नोंदवा. म्हणजे मुलाची गाडी उचलायला पोलीस अर्ध्या तासात, आणि चोराचं नाव, नंबर, खातं, मराठी मेसेज सगळं प्रिंट काढून टेबलावर ठेवलं तर ते हातात घ्यायलाही कोणी नाही. फोनलाइनवर एकोणपन्नास मिनिटं संगीत ऐकलं. क्रमांक मिळाला. पाच आठवड्यांनी पत्र आलं, तपासाला पुरेसा धागा नाही. खाते क्रमांकाहून जाड धागा कुठून आणायचा होता मी? सुतगिरणी काढायची होती का? व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो तेव्हाही तसाच होता, आरतीचं ताट हातात घेतलेला.

बँकेची तऱ्हा आणखी वेगळी. ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे की फसवून ट्रान्सफर करायला लावलेले पैसे बँकांनी परत करायचे, बँकेला हवं तर १०० पौंडांपर्यंत कापून. मी नियम छापून नेला. उत्तर आलं की तुम्हाला पॉलिसी प्रत्यक्ष मिळाली होती, नंतर ती रद्द झाली, म्हणून हा तुमचा आणि विक्रेत्याचा दिवाणी वाद. त्यात त्यांनी माझाच १७ ऑगस्टचा मेसेज मला उलटा दाखवला, "हे चुकलंय का?" म्हणजे तुम्हाला शंका होती! प्रामाणिकपणे सगळे स्क्रीनशॉट दिले त्याचं हे बक्षीस. आता प्रकरण ओम्बड्समनकडे, म्हणजे बँक-विम्याच्या तक्रारींच्या लोकपालाकडे, आहे. तो या चोराविरुद्ध काही करू शकत नाही कारण चोर नोंदणीकृत नाही, पण बँकेविरुद्धची तक्रार ऐकतो. बँकेच्या अंतिम नकारानंतर सहा महिन्यांत जावं लागतं, लक्षात ठेवा.

आणि दंड. ३०० पौंड आणि मुलाच्या लायसन्सवर सहा पेनल्टी पॉइंट. विमा आहे असं मनापासून वाटत होतं हा इथे बचाव नाही, गाडी बिनविम्याची होती एवढं पुरतं. आम्ही लाजेखातर तिसऱ्याच दिवशी भरून टाकला, म्हटलं विषय संपवा. तो संपला नाही, तिथून सुरू झाला. टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत सहा पॉइंट झाले की लायसन्सच रद्द. हे पत्र आल्यावर मग आम्ही वकिलाकडे गेलो, १८० पौंड, अर्धा तास. ती म्हणाली, भरला नसतात आणि कोर्टात गेला असतात, तर मुलाला ब्रोकरने फसवलं ही विशेष कारणं म्हणून मांडता आली असती. मग कदाचित पॉइंट टळले असते. दंड एकदा स्वीकारला की तो दरवाजा जवळजवळ बंद. मग तिने विचारलं, कागदपत्रं मुलाने वाचली होती का? म्हटलं, नाही. कोणी वाचली होती? मी खिडकीबाहेर बघितलं.

तुमच्यावर हे आलं तर दंड घाईने भरू नका. आधी वकील गाठा, अर्ध्या तासाचा का होईना.

हिशेब असा. ९८५ त्याचे, ३०० दंड, गाडी सोडवायचे १९२, चार दिवसांचं भाडं रोज २६ प्रमाणे १०४. जप्त गाडी सोडवायला साधी पॉलिसी बहुतेक वेळा चालत नाही, त्यासाठीची वेगळी महिन्याची घ्यावी लागली, २६८. वकील १८०. झाले २,०२९. वर आम्हा दोघांची नवी पॉलिसी ७३१. एकूण २,७६०. जे २,३६४ मला दरोडा वाटत होते त्याहून ३९६ जास्त, आणि यात मुलगा नाहीच. त्याला पुन्हा प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, ३४, थिअरी २३, टेस्ट ६२, आणि टेस्टची तारीख मिळायला महिनोन्‌महिने. गुन्ह्याची नोंद लायसन्सवर चार वर्षं राहते. पुन्हा पास झाला असं धरून गंमत म्हणून कोटेशन काढलं तर ४,११८. गंमत वाटली नाही.

रुपयांत करून बघू नका. सासऱ्यांनी केलं, फोनवरच गप्प झाले.

मुलाने मला एकदाही बोल लावला नाही, आणि तेच सहन होत नाही. त्या पानाबद्दल त्याला मी गेल्या आठवड्यात सांगितलं. तो म्हणाला, "मग मला का नाही दाखवलंस?" आणि सायकलचे दिवे चार्जिंगला लावायला गेला. पहाटे पाचला निघतो, सव्वाअकरा किलोमीटर.

मोदक वाटताना ज्या दोघींना नंबर दिला त्यांना मी त्याच रात्री, १८ सप्टेंबरला, फोन केला होता. एकीने पैसे भरलेच नव्हते. दुसरीने भरले होते, १,०४०. तिला म्हटलं, कंपनीला थेट फोन कर, तुझा ईमेल आणि मुलीची जन्मतारीख काय नोंदवली आहे ते विचार. काल मंडळात भेटली. तिने अजून केलेला नाही. म्हणे, वेबसाइटवर दिसतंय की गं गाडी.