गौरीसाठी घेतलेली पाळी पुढे ढकलायची गोळी : 5 पैकी 3 स्टार

यावेळी माझी तारीख नेमकी गौरी जेवणाच्या दिवशी येत होती म्हणून नाक्यावरच्या मेडिकलमधून नॉरएथिस्टेरॉन 5 मिग्रॅच्या गोळ्या आणल्या. चिठ्ठी नाही काही नाही, "ताई तीन दिवस आधी चालू करा, दिवसातून तीन वेळा" एवढंच सांगून त्याने स्ट्रिप पुढे सरकवली. काम मात्र गोळीने चोख केलं, तिन्ही दिवस एक डाग नाही, विसर्जनाच्या दिवशी बंद केली आणि तिसऱ्या दिवशी पाळी आली. थोडं पोट फुगलं, छाती दुखली, ते चालतंय.

पण साताऱ्याहून परत येताना घाटात ट्रॅफिक, पाच तास गाडीत बसून, आणि दुसऱ्या दिवशी डावी पोटरी ठणकायला लागली, तीपण एकच. जाऊबाई म्हणाल्या चमक भरली असेल, मी तरी गायनॅककडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न, घरात कुणाला रक्ताची गुठळी झालीये का? आणि मला आठवलं, धाकट्या भावाच्या वेळी बाळंतपणानंतर आईच्या पायात गुठळी झाली होती!! डॉपलर (पायातल्या शिरांची सोनोग्राफी) केली, नॉर्मल निघाली, स्नायूच आखडला होता. पण गोळ्या घेण्याआधी हे सांगायला हवं होतं म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं ते मला अजिबात माहीत नव्हतं. ही गोळी नुसती प्रोजेस्टेरॉन या हार्मोनसारखी वाटते, पण ती थोडी शरीरात इस्ट्रोजेन या दुसऱ्या हार्मोनमध्ये बदलते, आणि दिवसाला 15 मिग्रॅ घेतली की ते इस्ट्रोजेन जवळपास रोजच्या गर्भनिरोधक गोळीइतकं होतं. गोळीतलं इस्ट्रोजेन लिव्हरला रक्त गोठवणारे घटक जास्त बनवायला लावतं आणि गुठळी होऊ न देणारे, म्हणजे अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन एस वगैरे कमी करतं. गंमत म्हणजे आपल्याच अंडाशयातलं इस्ट्रोजेन रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावून त्या सैल ठेवतं, म्हणजे एकच हार्मोन आणि दोन तऱ्हा. त्यामुळेच मेनोपॉजला मावशीला गोळीऐवजी कातडीवर लावायचा पॅच दिला होता, तो थेट रक्तात जातो, आधी लिव्हरमधून जात नाही, म्हणून गुठळीचा धोका कमी.

उगाच घाबरवत नाहीये हां. माला-डीसारख्या गोळीवर वर्षाला 10,000 बायकांत 5 ते 7 जणींना गुठळी होते, काहीच न घेणाऱ्यांत साधारण 2, आणि गरोदरपणात, बाळंतपणानंतर तर त्याहून कितीतरी जास्त. पण आधी गुठळी झालेली असेल, घरात कुणाला असेल, डोळ्यापुढे चमकणाऱ्या रेषा दिसून अर्धशिशी येत असेल, किंवा पस्तिशीनंतर सिगरेट चालू असेल तर मेडिकलवाल्याच्या भरवशावर घेऊ नका. आणि एकाच पायाला सूज, दुखणं किंवा अचानक धाप लागली तर थेट हॉस्पिटल, जाऊबाईंचं ऐकत बसू नका.

गोळीला 4 दिले असते, एक त्या मेडिकलवाल्यामुळे कापला. पुढच्या वर्षी तारीख आली तर आली, सासूबाईंना सांगून टाकलंय, फुलोरा जाऊबाई करतील.