पहिले वाद्य: एकतारी की युकुलेले?

ठाण्यात घोडबंदर रस्त्याजवळच्या सदनिकेत, बाल्कनीत बसून, विजेच्या यंत्राविना पहिले वाद्य घडवू पाहणाऱ्या एका परिचितांपुढे एकतारी आणि युकुलेले (गिटारसारखे चार तारांचे छोटे वाद्य) असे दोन पर्याय आहेत.

एकतारीला वाळलेला भोपळा, बांबूचा दांडा, चामडे, खुंटी, घोडी (जिच्यावर तार टेकते ती पट्टी) आणि एक तार पुरते. करवत, गिरमिट, कानस आणि पॉलिश पेपर यांवर काम भागते, खर्चही थोडाच. भोपळा मात्र जाड सालीचा निवडावा, कारण पातळ साल करवतीखाली तडकते.

युकुलेलेची खरी कसोटी लाकूड पातळ करण्यात आहे. वरची फळी साधारण 2 मिलिमीटरपर्यंत रंध्याने उतरवावी लागते आणि पाते बोथट असेल तर लाकडाच्या रेषा उलट्या उपटून फळी वाया जाते. बाजूच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या नळीवर वाकवाव्या लागतात. पडद्यांचे, म्हणजे दांड्यावरच्या सूर ठरवणाऱ्या आडव्या पट्ट्यांचे, अंतरही अचूक हवे: तारेची लांबी 345 मिलिमीटर असेल, तर पहिला पडदा वरच्या टोकापासून सुमारे 19.4 मिलिमीटरवर येतो. हत्यारे आणि जोड दाबून धरणारे शिकंजे धरून खर्च बराच वाढतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात एकतारीचे चामडे सैल पडते, पण ऊब मिळताच पुन्हा ताणले जाते. दमट दिवसांत जोडलेली युकुलेलेची फळी मात्र हिवाळ्यात आकसून चिरू शकते, म्हणून ते काम कोरड्या महिन्यांतच करावे.

भजनाला सूर हवा असणाऱ्याने किंवा हत्यार नव्याने धरणाऱ्याने एकतारी घ्यावी. ज्याला रंध्याला धार लावता येते आणि गाणी वाजवायची आहेत, त्याने युकुलेले करावे.