पन्हाळ्यावर दोन खोल्या काढल्यात, बुकिंग ॲपवर घ्यायचं की थेट फोनवर?

2025 च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात आपला कोल्हापूरजवळचा पन्हाळाही आला, आणि तेव्हापासून गडावर, वाघबीळच्या रस्त्याला, इकडं कोल्हापुरात गंगावेशीत नि रंकाळ्याच्या कडेला ज्याच्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत तो होमस्टेचं बोलायला लागलाय. प्रश्न सगळ्यांचा एकच, मेकमायट्रिप, बुकिंग डॉट कॉम, एअरबीएनबी असल्या ॲपवर टाकायचं का गूगल मॅपवर नंबर देऊन व्हॉट्सॲप आणि यूपीआयवर थेट काम करायचं. आमच्या घरच्या खोल्यांचं बुकिंग मी दोन्हीकडून सांभाळतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगतो, कोल्हापुरात याचं उत्तर कॅलेंडर बघून द्यायला लागतं. गर्दीचे दिवस आपल्याला वर्षभर आधी माहीत असतात, त्या दिवसांच्या खोल्या स्वतःच्या फोनवर विकायच्या आणि आडवारचे रिकामे दिवस ॲपला द्यायचे.

आता पैशाचं बघू, कारण सगळं तिथंच अडतं. समजा खोली 2000 रुपयांना लावली. ॲप म्हणतंय मोबाइल ऑफर द्या, तुम्ही 10 टक्के सोडले, झाली 1800. कमिशन ॲपप्रमाणे नि कराराप्रमाणे बदलतं, साधारण 15 ते 25 टक्के धरा, मी 20 धरतो, म्हणजे 360 गेले. त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी, म्हणजे अजून 64.80. हातात राहिले 1375 रुपये. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल आणि तुमचं जीएसटी रजिस्ट्रेशन नसेल तर खोलीवरचा जीएसटी ॲपच पाहुण्याकडून घेऊन भरतंय, 7500 पर्यंतच्या खोलीला 22 सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के आहे, म्हणजे पाहुण्याला पडले 1890. हीच खोली तुम्ही फोनवर 1700 ला दिली तर पाहुण्याचे 190 वाचतात आणि तुम्हाला 325 जास्त मिळतात. एका रात्रीचे. हा हिशोब एकदा वहीवर स्वतः मांडून बघा, स्वतःच्या दराने, मग पुढचं वाचा.

मग ॲप घ्यायचंच कशाला? तर पूर्वी स्टँडवरून रिक्षावाला पाहुणा लॉजवर आणून सोडायचा नि काउंटरवरून आपलं कमिशन घेऊन जायचा, ॲप तेच काम करतंय, फक्त पाहुणा पुण्यात किंवा बेंगळुरूत घरी बसलेला असतानाच त्याला गाठतंय. ज्याने तुमचं नाव कधी ऐकलेलं नाही तो जुलैतल्या बुधवारी पन्हाळ्यावर धुकं बघायला यायचा विचार करतोय, त्याच्यापर्यंत तुम्ही एकट्याने पोचू शकत नाही, आणि पोचलात तरी तो अनोळखी नंबरवर ॲडव्हान्स पाठवायला घाबरतो. ॲपवर त्याला रिव्ह्यू दिसतात, कार्ड चालतं, कॅन्सल केलं तर पैसे परत येणार हे माहीत असतं. तो विश्वास विकत घेतल्याचे पैसे आपण देतोय असं समजा, आणि रिकामी राहणारी खोली 1375 ला गेली तर ते लई चांगलं.

पण तीच खोली नवरात्रात ॲपवर ठेवणं मला अजिबात पटत नाही. अंबाबाईचा नवरात्र, मावळतीची किरणं देवीवर पडतात ते किरणोत्सवाचे दिवस (नोव्हेंबरात 9 ते 11 आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी), जोतिबाची चैत्र यात्रा, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी, या दिवसांत माणूस स्वतः खोली शोधत फिरत असतो. तेव्हा कमिशन कशाचं द्यायचं? वर फ्री कॅन्सलेशन चालू राहिलं असेल तर अजून वाईट, आमच्याकडे अष्टमीच्या आदल्या संध्याकाळी एका ॲपवरनं दोन खोल्या एकदम कॅन्सल झाल्या, आणि तोपर्यंत फोनवर विचारणाऱ्या ओळखीच्या माणसांना आम्ही नाही म्हणून बसलेलो. कॅलेंडरमध्ये जाऊन त्या तारखा आधीच बंद करता येतात, दोन मिनिटांचं काम आहे.

थेट बुकिंगची बाजू मला आवडते ती एका कारणासाठी, पाहुणा तुमचा राहतो. बुकिंग डॉट कॉम पाहुण्याचा खरा ईमेल देत नाही, मधला एक तात्पुरता पत्ता देतं, आणि ॲपवरचे रिव्ह्यू ॲप सोडलं की तिथंच राहतात. गूगलवरचा रिव्ह्यू मात्र तुमच्या नावावर सगळ्यांना दिसत राहतो. व्हॉट्सॲप बिझनेस 2018 पासून फुकट आहे, त्यात खोल्यांचे फोटो, दर, येण्याचा रस्ता तयार करून ठेवायचा, विचारणा आली की एका टॅपवर जातं. मात्र उत्तर दहा मिनिटांत गेलं पाहिजे, नाहीतर तो पुढच्या नंबरला फोन लावतो. हे ज्याला जमत नाही, ज्याचं दिवसभर शेत नाहीतर दुकान आहे, त्याने थेट बुकिंगचा हट्ट धरू नये.

फसवणूक दोन्हीकडे आहे पण थेटमध्ये जास्त सांभाळायला लागतं. गूगल मॅपवर कोणीही तुमच्या जागेचा फोन नंबर बदलायची सूचना टाकू शकतो, जागा तुम्ही व्हेरिफाय केली नसेल तर ते तुम्हाला कळतही नाही, आणि मग तुमच्या नावावर ॲडव्हान्स तिसराच खातो. हे देवस्थानच्या गावांत चाललंय, केदारनाथ, सोमनाथच्या बनावट बुकिंग साइटबद्दल केंद्राच्या सायबर विभागाने 2025 च्या एप्रिलमध्ये जाहीर इशारा दिलेला. त्यामुळे आधी लिस्टिंग स्वतःच्या नावावर करा, फोटो टाकण्याच्याही आधी. पाहुण्याने पेमेंटचा स्क्रीनशॉट पाठवला तरी बँकेत पैसे दिसल्याशिवाय खोली अडवायची नाही, पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवा, आणि काही झालंच तर सायबर हेल्पलाइनच्या 1930 ला लगेच फोन.

दोन्ही एकदम चालवणाऱ्यांना अजून एक डोकेदुखी, एकच खोली दोनदा विकली जाणं. दोन ॲपची कॅलेंडर एकमेकांना जोडता येतात पण ती लगेच अपडेट होत नाहीत, मधे काही तास जातात, आणि शनिवारी तेवढ्यात घोळ होतो. तीन खोल्यांना पैसे देऊन चॅनल मॅनेजर, म्हणजे सगळ्या ॲपची कॅलेंडर एकदम सांभाळणारं सॉफ्टवेअर, घ्यायची गरज नाही, फोनवर बुकिंग पक्कं केलं की त्याच क्षणी ॲपवर तारीख बंद करायची सवय लावायची.

करार वाचून सही करा हे मुद्दाम सांगतोय. तुमच्या दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी आमच्यापेक्षा कमी दर नको, अशी अट ॲपवाले घालत आलेत. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223.48 कोटी आणि ओयोला 168.88 कोटींचा दंड ठोठावला, आणि मेकमायट्रिपला हॉटेलवाल्यांशी केलेल्या करारातल्या दराच्या अटी बदलायला सांगितलं. तुमच्या करारात काय आहे ते बघा आणि जुन्या पाहुण्याला व्हॉट्सॲपवर वेगळा दर देता येतो का हे लेखी विचारून घ्या. परदेशी पाहुणा घेणार असाल तर त्याच्या मुक्कामाची माहिती देणारा सरकारी फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) 24 तासांत ऑनलाइन भरायला लागतो, बुकिंग कुठूनही आलेलं असो.

आता जागेप्रमाणे माझा सल्ला. अंबाबाईच्या देवळापासून चालत जाता येईल अशी खोली असेल, म्हणजे महाद्वार रोड, गंगावेस, भवानी मंडपाच्या आसपास, तर गूगल मॅप आणि फोन पुरे, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं उतरलेलं कुटुंब मोबाइलवर जवळचं लॉज बघतं आणि सरळ फोन लावतं. पन्हाळ्यावर पहिलं वर्ष ॲप घ्याच, तिथं पुण्या-मुंबईची तरुण पोरं आधी फोटो नि रिव्ह्यू बघून ठरवतात, मग आलेल्या प्रत्येकाला चेक-आउटच्या वेळी आपलं कार्ड द्या नि नंबर मागून घ्या, दुसऱ्या वर्षापासून शनिवार-रविवार ॲपवरनं काढत चला. राधानगरी-दाजीपूरकडं खोल्या असतील तर ॲपशिवाय पर्याय कमी आहे, पण जंगलाकडं रेंज जाते, त्यामुळे मेसेजला उत्तर द्यायला कोल्हापुरात राहणारा भाऊ, मेहुणा, कोणीतरी आधी ठरवा आणि लॉगिन त्याच्याकडे देऊन मगच लिस्टिंग सुरू करा.