सहावीतल्या सॉकरपटूसाठी सशुल्क ‘रिक्रूटिंग प्रोफाइल’ : ५ पैकी २ तारे

अमेरिकेत शाळकरी खेळाडूंची माहिती महाविद्यालयीन संघांच्या प्रशिक्षकांपर्यंत पोहोचवणाऱ्या सशुल्क सेवा बऱ्याच आहेत. त्यांपैकी एकीचे सदस्यत्व आम्ही मुलगी सहावीत असताना घेतले; ती क्लबकडून सॉकर (आपल्याकडचा फुटबॉल) खेळते. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझा आक्षेप त्या कंपनीपेक्षा ज्या वयाच्या मुलांसाठी ही सेवा विकली जाते त्या वयाबद्दल अधिक आहे.

सामन्यांच्या चित्रीकरणातून त्यांनी तयार केलेली छोटी चित्रफीत खरोखर उत्तम होती. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळांच्या सर्वांत वरच्या गटात, खेळण्यासाठी हायस्कूलमध्ये ठरावीक विषयांचे १६ अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात आणि डिव्हिजन थ्री (तिसरा गट) किंवा आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारख्या आठ विद्यापीठांचा गट) खेळासाठी शिष्यवृत्ती मिळतच नाही, हे त्यांच्या समुपदेशक बाईंनी न कंटाळता समजावले. ही माहिती फुकट उपलब्ध आहे, हा भाग वेगळा.

खटकला तो दरमहा येणारा अहवाल. त्यात ‘रस दाखवणाऱ्या’ महाविद्यालयांची यादी असे; चौकशी केल्यावर कळले, की हा रस म्हणजे बहुतांशी उन्हाळी शिबिरांची माहितीपत्रके आणि सर्वांना पाठवल्या जाणाऱ्या प्रश्नावल्या, ज्या कोणत्याही वयाच्या मुलाला पाठवण्यास एनसीएएची, म्हणजे महाविद्यालयीन खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची, मनाई नाही. प्रत्यक्षात डिव्हिजन वनच्या सॉकर प्रशिक्षकाला दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत खेळाडूशी निवडीबाबत फोन, ईमेल वा बोलणेही करता येत नाही. मग सहावीतल्या मुलीबद्दलचा रस त्याने कुणाला आणि कसा कळवला, याचे उत्तर मला मिळाले नाही.

हा नियम उगाच आलेला नाही. २०१० मध्ये साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉलचे (हा सॉकरपेक्षा वेगळा खेळ) प्रशिक्षक लेन किफिन यांनी सातवीतल्या, १३ वर्षांच्या डेव्हिड सिल्सला शिष्यवृत्ती देऊ केली आणि त्याने तोंडी होकारही दिला. असा होकार दोन्ही बाजूंना बांधून ठेवत नाही. किफिन यांना विद्यापीठाने २०१३ मध्येच काढले. सिल्स पुढे वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळला आणि नाव कमावले ते क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) म्हणून नव्हे, तर रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) म्हणून. म्हणजे प्रशिक्षक, विद्यापीठ आणि मैदानावरची जागा, तिन्ही बदलले. आणि हा तर यशस्वी झालेला मुलगा! लॅक्रॉसमध्ये (जाळीच्या काठीने चेंडू खेळण्याचा खेळ) २०१७ साली आणि बहुतेक इतर खेळांत २०१९ पर्यंत नियम कडक झाले, याचे मला म्हणूनच समाधान वाटते. बारा वर्षांच्या मुलीची उंची, वेग, गुडघे आणि मुख्य म्हणजे आवड पुढे काय वळण घेईल हे कोणत्याही प्रशिक्षकाला सांगता येणार नाही, तेव्हा या वयात महाविद्यालयांनी तिच्याकडे पाहूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही सेवा मात्र नियमाने बंद केलेली घाई पालकांच्या दारातून पुन्हा आत आणते. हायस्कूलमधील खेळाडूंपैकी सुमारे २ टक्क्यांनाच खेळासाठी शिष्यवृत्ती मिळते, हे विक्री प्रतिनिधीने एकदाही सांगितले नाही. ‘आता उशीर होतो आहे’ हे मात्र प्रत्येक फोनवर सांगितले. उरलेले सदस्यत्व दहावीपर्यंत स्थगित ठेवण्याची आमची विनंतीही मान्य झाली नाही.

मुलगा किंवा मुलगी दहावीत असेल, तर केवळ चित्रफितीपुरती छोटी योजना घेण्यास हरकत नाही. पैसे भरण्यापूर्वी करारातील आपोआप नूतनीकरणाचे कलम तेवढे वाचून घ्यावे. आमच्या करारात ते शेवटच्या पानावर होते.