आउटबोर्डचा जोर ओसरला की आधी कॉम्प्रेशन: आट्यांवर बसणाऱ्या एका गेजचे परीक्षण

जुनी दोन-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर (बोटीच्या मागच्या बाजूला बाहेरून लावायचे इंजिन) पहिल्याच दोरीला सुरू होते, धिम्या गतीवर निमूट चालते, पण थ्रॉटल पूर्ण उघडला तरी बोटीचे नाक वर येत नाही, अशी तक्रार केली की दहापैकी नऊ जण कार्ब्युरेटर साफ करायला सांगतात. हा सल्ला पुष्कळदा बरोबर ठरतो. मात्र सिलिंडरमध्ये दाब धरला जातो की नाही हे न पाहताच कार्ब्युरेटर खोलला, तर नवे जेट, नवी गॅस्केटे आणि बरीच मेहनत खर्ची पडल्यावर पिस्टनभोवतीच्या रिंगाच झिजल्या असल्याचे कळण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे जोर का गेला हे शोधताना पहिले अवजार कोणते घ्यावे, असे कोणी विचारले तर मी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारे गेज, असेच सांगेन, आणि येथे मी वापरत असलेल्या एका साध्या, फारशा नावाजलेल्या नसलेल्या गेजविषयी लिहितो आहे.

एका पेटीत रबरी आवरण असलेली तबकडी, हातभर लांबीची जाड नळी आणि ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगच्या भोकात आवळायची, वेगवेगळ्या आट्यांची पितळी जोडतोंडे असा हा संच आहे. तबकडीवर बार आणि पीएसआय अशी दोन्ही मापे असून काटा सर्वोच्च दाबावर थांबून राहतो. बाजूचे बटण दाबले की दाब सुटतो आणि काटा शून्यावर येतो. दोरीने मोटर फिरवणाऱ्याला ही सोय फार उपयोगी पडते, कारण फ्लायव्हील फिरत असताना त्याचे डोळे तबकडीवर असूच शकत नाहीत. रबरी शंकू प्लगच्या भोकावर हाताने दाबून धरायचे गेज यापेक्षा स्वस्त मिळतात, पण एका हाताने शंकू दाबत दुसऱ्या हाताने दोरी ओढताना शंकू किंचित जरी तिरका झाला तरी दाब निसटतो आणि निरोगी सिलिंडर आजारी दिसू लागतो. एकट्याने काम करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

या संचाची खरी परीक्षा नळीच्या टोकाशी होते. दाब आत येऊ देणारी पण परत जाऊ न देणारी छोटी झडप कुठे बसवली आहे, हे खरेदीपूर्वी अवश्य पाहावे. ती तबकडीजवळ असेल तर नळीच्या पोकळीची भर ज्वलनकक्षाच्या जागेत पडते, कक्ष मोठा झाल्यासारखे होते आणि गेज प्रत्यक्षापेक्षा कमी दाब दाखवतो. मोटर जितकी लहान तितकी ही फसगत मोठी. माझ्या संचात झडप प्लगच्या बाजूच्या टोकातच आहे. हीच झडप पुढे कधी खराब झाली तर टायरच्या व्हॉल्व्हची सुई तिथे बसवण्याचा मोह होतो, कारण दोन्ही दिसायला सारख्या असतात आणि बसतातही. पण टायरच्या सुईची स्प्रिंग अधिक कडक असते, तिला उघडण्यातच काही दाब खर्च होतो आणि आकडा खाली येतो. गेजसाठीची मऊ स्प्रिंगची सुई वेगळी मिळते, तीच घ्यावी.

दुसरा मुद्दा जोडतोंडाच्या लांबीचा. बहुतेक आउटबोर्डच्या प्लगचे आटे १४ मिमी व्यासाचे असतात, काही फार जुन्या मोटरींचे १८ मिमी. पण व्यास जुळला म्हणजे काम झाले असे नाही. अनेक मोटरींना १२.७ मिमी लांबीच्या आट्यांचे प्लग लागतात आणि काही जुन्या मोटरींना त्याहूनही आखूड, सुमारे ९.५ मिमीचे. त्या जागी १९ मिमीचे जोडतोंड पूर्ण आवळले तर त्याचे टोक ज्वलनकक्षात उतरते आणि वर येणाऱ्या पिस्टनला लागू शकते. या संचात १४ मिमीची आखूड आणि लांब अशी दोन तोंडे आहेत, परंतु त्यांवर लांबीची खूण नाही आणि सोबतच्या माहितीपत्रकातही त्याचा उल्लेख नाही. मोटरीतून काढलेला प्लग शेजारी धरून आट्यांची लांबी जुळवूनच तोंड बसवावे. हे पत्रक मोटारगाड्यांचा विचार करून लिहिलेले दिसते.

तपासणीची पद्धत सरळ आहे, पण तीत काटकसर चालत नाही. शक्य असल्यास मोटर थोडी चालवून गरम करावी, सर्व प्लग काढावेत, प्लगच्या तारा इंजिनाच्या धातूला जोडून ठेवाव्यात आणि थ्रॉटल पूर्ण उघडा धरावा. तारा मोकळ्या लोंबत ठेवल्या तर ठिणगीला जायला वाट मिळत नाही आणि इग्निशनच्या इलेक्ट्रॉनिक भागांना इजा होऊ शकते. शिवाय भोकातून बाहेर पडणारी इंधनाची वाफ पेटण्याचा धोका असतो. थ्रॉटल बंद राहिला तर पुरेशी हवाच आत जात नाही. एवढे झाले की काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी जोराने ओढत राहायचे आणि प्रत्येक सिलिंडरला सारखाच न्याय द्यायचा.

माझ्या दोन सिलिंडरच्या मोटरीत वरच्याचा दाब ११२ आणि खालच्याचा १०८ पीएसआय आला. जुन्या दोन-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये साधारण ९० ते १३० च्या दरम्यानचा आकडा नेहमी पाहायला मिळतो. आपल्या मोटरीचा नेमका आकडा तिच्या सर्व्हिस पुस्तिकेत पाहावा. मात्र मूळ आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक अधिक बोलका असतो आणि तो १० ते १५ टक्क्यांच्या आत असला पाहिजे. त्यामुळे या गेजची तबकडी प्रयोगशाळेइतकी अचूक नसली तरी मला चालते, कारण तिची चूक दोन्ही सिलिंडरांना सारखीच लागू होते. एकच आकडा बराच खाली असेल तर रिंगा, सिलिंडरवरचे ओरखडे किंवा गॅस्केट यांकडे वळावे, आणि शेजारशेजारचे दोन्ही खाली असतील तर त्यांच्या मधले गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून आकडा वाढतो का पाहण्याची युक्ती प्रसिद्ध आहे, पण दोन-स्ट्रोकमध्ये तेल इंधनाबरोबर आधीच आत येत असल्याने त्या निकालावर मी फार विसंबत नाही.

आकडे चांगले आल्यामुळे इंजिन उघडण्याचा विचार रद्द झाला, आणि या संचाने माझ्या दृष्टीने आपले काम तिथेच केले. पुढचा शोध सोपा होता. मोटर पाण्यात पूर्ण थ्रॉटलवर चालत असताना इंधननळीवरचा रबरी फुगा हाताने दाबत राहिलो की वेग चढायचा आणि थांबलो की पडायचा. याचा अर्थ इंधनपंप मागणी पुरवत नव्हता किंवा पंपापर्यंतच्या वाटेत कुठेतरी अडथळा वा हवेची गळती होती. त्यातच खालचा प्लग ओला आणि काळा निघाला होता. पंप खोलून डायफ्रॅम उजेडासमोर धरला, तेव्हा ताठरलेल्या पडद्याच्या कडेजवळ टाचणीने टोचल्यासारखे छिद्र दिसले. हा पंप क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीतल्या, दाबाच्या चढउतारावर चालतो. त्यामुळे छिद्रातून इंधन दाबाच्या वाटेने थेट खालच्या सिलिंडरच्या क्रँककेसमध्ये जात होते. पंपाचा पुरवठा कमी पडत होता आणि खालचा सिलिंडर मात्र नको तितके इंधन पीत होता. केवळ प्लग पाहिला असता तर दोष ठिणगीवर गेला असता.

या गेजला काय दिसत नाही, हेही सांगायला हवे. दोन-स्ट्रोक मोटरीत क्रँककेसही दाब धरते. तिथली रीड-पाने (मिश्रण आत येऊ देणारी पण परत जाऊ न देणारी पातळ झडप) तुटली असतील किंवा क्रँकशाफ्टची सीले गळत असतील तर वरचे आकडे सुरेख येऊनही मोटर दुबळी राहते. ठिणगीसाठी उघड्या फटीचा वेगळा टेस्टर लागतो, आणि प्रोपेलरच्या मध्यभागीचे रबर सुटले असेल तर कोणत्याही गेजला ते कळणार नाही. तो दोष ओळखायला मात्र सोपा आहे: त्यात इंजिनाचे फेरे वाढतात आणि बोट रेंगाळते, तर इंजिनाचाच जोर गेला असेल तर फेरेही वाढत नाहीत. हबपासून प्रोपेलरपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारून बोट चालवावी. परतल्यावर रेघ तुटलेली दिसली तर बाकी शोध थांबवावा. लहान चार-स्ट्रोक आउटबोर्ड असणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे की त्यांतील अनेकांत सुरू करणे सोपे जावे म्हणून दाब आपोआप कमी करणारी योजना असते, त्यामुळे तिथे गेजचा आकडा कमी दिसला तरी घाबरून जाऊ नये.

बांधणीबद्दल माझी तक्रार जोडतोंडांवरच्या रबरी कड्यांची आहे. गरम इंजिनावर काही वेळा वापरल्यावर १४ मिमीच्या तोंडाचे कडे चपटे होऊन त्याला चिरा पडल्या, आणि संचात जादा कडे एकही नव्हते. त्याच मापाचे, तेल आणि उष्णता सोसणारे कडे हार्डवेअरच्या दुकानात मिळाले, पण निर्मात्याने पेटीतच चार ठेवले असते तर त्याचे फार काही गेले नसते. पेटीची कडीही सैल आहे. दोरीने सुरू होणारी जुनी मोटर स्वतः सांभाळणाऱ्याला हा संच मी निःशंकपणे सुचवेन, फक्त झडपेची जागा आणि तोंडाची लांबी दुकानातच पाहून घ्यावी; ज्यांची मोटर दर हंगामात कारागिराकडे जाते, त्यांनी हे दोन आकडे त्याच्याकडून मागून प्रत्येक वेळी वहीत टिपून ठेवले तरी या गेजची गरज पडणार नाही.