डीआरएमवाली फाइल घ्यायची की मोकळी?

गाणी, ईबुक, पिक्चर विकत घेताना आपण किंमत बघतो, पण फाइल कुलूपबंद (डीआरएम म्हणजे कंपनीने फाइलला लावलेलं डिजिटल कुलूप) आहे की मोकळी हे कोणी बघत नाही, आणि पुढे फोन बदलला की बोंब सुरू.

डीआरएमवाली फाइल तुमच्याकडे येते खरी, पण एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे चावीशिवाय उघडणार नाही अशी. प्ले दाबलं की ॲप कंपनीच्या लायसन्स सर्व्हरकडे चावी मागतं आणि चावीबरोबर अटी पण येतात, म्हणजे किती डिव्हाइसवर चालणार, कधी एक्स्पायर होणार, कुठल्या क्वालिटीत दिसणार. ॲपलकडे फेअरप्ले आहे, अँड्रॉइडवर गूगलचं वाइडवाइन. त्यात सुरक्षेच्या पातळ्या आहेत, फोनची पातळी एल1 असेल तर चावी प्रोसेसरच्या वेगळ्या सुरक्षित भागात उघडते, एल3 असेल तर नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून एल3वाल्या फोनवर नेटफ्लिक्स 480पीच्या वर जातच नाही, मग स्क्रीन कितीही भारी असो. फोन घेण्याआधी हे नक्की चेक करा.

महिन्याचे पैसे भरून बघायचं-ऐकायचं असेल तर डीआरएमचा त्रास नाही, तिथे आपण भाडेकरूच. फक्त स्पॉटिफायला डाउनलोड टिकवायला 30 दिवसांत एकदा तरी नेट लागतं, तेव्हा जहाजावर नोकरीला असणाऱ्यांनी त्याच्या भरवशावर राहू नये.

विकतच घ्यायची असतील तर गाणी सरळ मोकळी घ्या, एमपी3 नाहीतर फ्लॅक फॉरमॅटमध्ये. पेनड्राइव्हवर टाका, गाडीत लावा, कोणाला विचारायचं नाही. ॲपलच्या आयट्यून्सने 2003 मध्ये तीन कॉम्प्युटरची मर्यादा घालून गाणी विकायला सुरुवात केली होती, 2009 मध्ये गाण्यांवरचं ते कुलूप काढून टाकलं. पण मोकळी म्हणजे बेनामी नव्हे हां, त्या फाइलमध्ये घेणाऱ्याचा ईमेल असायचा, सगळ्या ग्रुपवर फॉरवर्ड मारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

खरी गोची ईबुकची. किंडलवर 2016 पासून मराठी पुस्तकं मिळतात, वाचायला मस्त, अक्षर मोठं करता येतं, आईबाबांना तर फारच सोयीचं. पण 2009 मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या भानगडीवरून लोकांच्या किंडलमधून ऑरवेलचं '1984' परस्पर उडवलं होतं (सरकारच्या पाळतीवरचं हेच पुस्तक, बघा!), पैसे परत दिले ती गोष्ट वेगळी. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने ईबुकचं दुकानच बंद केलं, पैसे मिळाले, पुस्तकं गेली. आणि फेब्रुवारी 2025 पासून किंडलचं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने टाकायची सोय पण गेली. म्हणून एकदा वाचून सोडायचं पुस्तक खुशाल किंडलवर घ्या, संग्रही ठेवायचं असेल तर प्रकाशकाकडे मोकळी ईपब (ईबुकची फाइल) मिळते का विचारा, नसेल तर छापील घ्या.

कुलूप तोडायची टूल्स नेटवर सापडतात, पण कॉपीराइट कायद्यात 2012 पासून कलम 65ए आहे, हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड.